पंप ॲक्शन घेण्याआधी अंगठा कुठं जातो ते बघा

आमच्या पाटण-कराड भागात फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस बँकेत नाहीतर साखर कारखान्यावर बंदूकधारी म्हणून लागतो. मी आर्मरर होतो. हत्यारं उघडायची, तपासायची, परत जोडायची हीच माझी नोकरी. त्यामुळं नवा परवाना हातात पडला की पोरं विचारायला येतात, "फौजीकाका, पंप घेऊ का डबल बार? आणि पंपच घ्यायची तर रेमिंग्टन का मॉसबर्ग?" पंप म्हणजे नळीखालची मूठ मागं-पुढं ओढून काडतूस भरायची पंप ॲक्शन बंदूक, डबल बार म्हणजे दुनळी. मोबाइलवर व्हिडिओ बघून या अमेरिकन कंपन्यांची नावं तोंडपाठ असतात. मी म्हणतो, नाव राहू दे. आधी सांग, आजवर कुठली बंदूक चालवलीस?

हे विचारायचं कारण आहे. सातारा जिल्ह्यात बहुतेकांचा हात डबल बारवर बसलेला. डबल बारची सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणूनचा खटका, दस्त्याच्या मानेवर, वरच्या अंगाला असते. बंदूक खांद्याला लागता लागता अंगठा आपोआप ती पुढं ढकलतो. फौजेतल्या माणसाचंही तेच; एसएलआर रायफल असो का इन्सास, खटका अंगठ्यानंच फिरवायचा. ही सवय वर्षानुवर्षांची असते. अशा माणसाच्या हातात रेमिंग्टन 870 दिली की त्याचा अंगठा वर चाचपतो आणि तिथं काहीच सापडत नाही. 870 ची सेफ्टी चापाच्या मागं, आडवी. उजव्या बाजूनं तर्जनीनं डावीकडं दाबली की डाव्या अंगाला लाल कडं दिसतं, म्हणजे बंदूक तयार. वाईट नाही, पण सवय वेगळी.

मॉसबर्ग 500 ची सेफ्टी मात्र रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा बसते त्या मधल्या पेटीच्या वर, मागच्या टोकाला. अंगठा पुढं सरकवला की लाल ठिपका उघडा पडतो. डबल बारवाल्याला नवीन काही शिकावं लागत नाही. डावखुऱ्याला तर फारच सोयीची. माझा पुतण्या टेक्सासला असतो, डावखुरा आहे, त्यानं एवढ्यावरच मॉसबर्ग घेतली. फोनवर मला म्हणतो, "काका, इथं या दोन बंदुकांवरून लोक भाऊबंदकीसारखे भांडतात." भांडू देत. दोन्ही एक कोटीच्या वर बनल्यात. भंगार असत्या तर एवढ्या खपल्या नसत्या.

अंगठ्याचा प्रश्न सुटला की मग लोखंडाकडं या.

870 ही 1950 सालची रचना. रिसीव्हर पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला, पंप मागं-पुढं नेणाऱ्या पट्ट्या दोन, आणि चाल गुळगुळीत. जुनी 'विंगमास्टर' हातात घेतली की पंप नुसत्या वजनानं मागं येतो की काय असं वाटतं. कराडकडच्या एका बागायतदाराकडं अशी एक आहे, ती बघितल्यावर तिचे चाहते का भांडतात ते कळलं. नंतर आलेली स्वस्तातली 'एक्स्प्रेस' तेवढी नखरेल नाही. वरचा मुलामा लवकर गंजतो आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, खरबरीत असलं की सुटलेलं काडतूस आत चिकटतं, ही तिकडच्या मालकांची नेहमीची कुरकुर. त्यात 2018 आणि 2020 अशी दोनदा कंपनी दिवाळखोरीत गेली, धंदा तुकड्यातुकड्यानं विकला गेला, आणि आता 870 नव्या मालकाच्या 'रेमआर्म्स' नावाखाली बनते.

मॉसबर्ग 500 साधारण 1960 ची. तिचा रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. हे ऐकलं की आपली माणसं नाक मुरडतात, "ॲल्युमिनियम? फुटायचं नाही का?" नाही फुटत. दोन्ही बंदुकांत बोल्ट, म्हणजे काडतुसामागं बंद होणारा ठोकळा, अडकतो तो नळीच्याच मागच्या पोलादी भागात. दाब तिथं झेलला जातो, रिसीव्हर फक्त घर सांभाळतो. उलट वजन थोडं कमी होतं आणि गंजायला तेवढं लोखंड कमी. काडतूस ओढून काढायला मॉसबर्गला दोन हूक, 870 ला एक. इजेक्टर, म्हणजे रिकामं टरफल बाहेर फेकणारा भाग, मॉसबर्गमध्ये एका स्क्रूवर बसवलेला, झिजला तर बदलता येतो. 870 मध्ये तो रिव्हेट मारून बसवलेला असतो, तिथं कारागीरच लागतो. मॉसबर्गचा पंप खुळखुळतो म्हणून पुष्कळ जण नाराज असतात. ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, धूळ-चिखलात अडकू नये म्हणून. आवाजावरून बंदूक जोखू नका.

एक बारीक गोष्ट, पण रोजच्या वापरात जाणवणारी. पंप केल्यावर मॉसबर्गमध्ये काडतूस उचलणारी पट्टी वरच राहते, त्यामुळं खालून मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची नळी, भरताना अंगठ्याला मोकळी वाट मिळते. 870 मध्ये ती पट्टी खाली येते, प्रत्येक काडतुसाबरोबर ती वर ढकलावी लागते, आणि जाड अंगठ्याला चिमटा बसतो.

बाकीची नावं भराभर सांगतो. इथाका 37 म्हणजे 1937 ची. काडतूस खालूनच भरायचं आणि रिकामं टरफलही खालीच पडतं, म्हणून डावखुऱ्याच्या तोंडासमोरून काही उडत नाही. ब्राउनिंग बीपीएसही खालूनच टाकते आणि सेफ्टी वर अंगठ्याला. माझ्या मनात भरलेली ही, पण जड. इटलीची बेनेली नोव्हा बाहेरून सगळी पॉलिमरची, आत पोलादी सांगाडा; पावसाळी भागात बरी. विंचेस्टर 1897 जुन्या वतनदारांच्या घरी कधीमधी दिसते, ठोका मारणारा घोडा बाहेर असलेली. तिच्या बाबतीत आणि 1975 च्या आधीच्या इथाकाच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा: चाप दाबून धरून पंप केला की गोळी सुटते. बोट चापाबाहेर ठेवायची शिस्त कुठल्याही बंदुकीला हवी, इथं ती मोडली तर माफी नाही.

आता आपल्या बाजारात यातलं काय मिळतं? 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत कोणी 870 विकायला काढली, तर बहुधा ती त्याआधीची किंवा कोणी परदेशातून कायमचं परतताना आणलेली. भाव ऐकून डोळे पांढरे होतात. एवढे पैसे देण्याआधी बंदूक उलटी करा आणि काडतूस उचलणारी पट्टी बघा. तिच्यात इंग्रजी यू आकाराची खाच असेल तर ती सुधारलेली पट्टी. अखंड असेल तर जुनी, आणि जुनीत काडतूस बोल्टखाली घसरलं तर अख्खी बंदूक जाम होते. ही सुधारणा आली 1980 च्या दशकाच्या मध्यात, म्हणजे नेमकी आपल्याकडची आयात थांबली त्या सुमारास. त्यामुळं इथं दिसणाऱ्या बहुतेक जुन्याच. सुटे भाग मागवायलाही आयात परवाना लागतो. बंदूक हौसेची असेल तर घ्या, नोकरीवर रोज खांद्याला लावायची असेल तर मी नको म्हणेन.

राहते देशी पंप ॲक्शन. सरकारी आयुध निर्माणीची किंवा परवानाधारक खासगी कारखान्याची. दुकानात एकच नग बघून निवडू नका. त्याच मॉडेलचे दोन-तीन काढायला लावा. एकाचा पंप लोण्यासारखा चालेल, दुसऱ्याचा मध्येच अडखळेल. हातानं केलेल्या घासकामात एवढा फरक राहतोच, तो तुम्ही वेचायचा.

बघायचं कसं ते सांगतो. बंदूक हातात आली की नळी जमिनीकडं, पंप मागं, आणि चेंबरबरोबर मॅगझिनची नळीही नजरेनं आणि बोटानं तपासा. डबल बारवाल्याला हे मुद्दाम सांगावं लागतं. डबल बार बिजागरीवर उघडली की दोन्ही नळ्या आरपार दिसतात, लपायला जागाच नाही. पंपात चेंबर रिकामं दिसतं आणि काडतुसं खालच्या नळीत बसलेली असतात. मग दुकानदाराकडं नकली काडतुसं मागा, प्लॅस्टिकची किंवा पितळेची. ती भरून पंप सावकाश चालवा, मग जोरात. सावकाश पण पूर्ण मागपर्यंत चालवल्यावर अडकली तर दोष बंदुकीचा. जोरात चालवल्यावर अडकली तर बहुतेक वेळा दोष आपला: पंप पूर्ण मागपर्यंत नेलाच नाही. काडतूस अर्धवट वर येतं, रिकामं अर्धवट बाहेर, आणि माणूस बंदुकीला शिव्या देतो. पंप मागच्या टोकाला टक्क आवाज होईपर्यंत ओढायचा आणि तेवढ्याच ताकदीनं पुढं. जपून, हळुवार चालवणाऱ्याला पंप ॲक्शन दगा देते.

पुढं पंप बंद असताना, चाप न दाबता, मागं ओढून बघा. हलता कामा नये. तो सोडवायचा खटका वेगळा असतो. 870 मध्ये चापाच्या कड्याच्या पुढं, मॉसबर्गमध्ये मागं. देशीमध्ये कुठं आहे ते शोधा आणि दस्त्यावरची पकड न सोडता तिथं बोट पोचतं का बघा. सेफ्टी लावून चाप दाबा, काही होता कामा नये. शेवटी दस्त्याची लांबी. अमेरिकन दस्ते त्यांच्या अंगकाठीचे. आपल्या साडेपाच फुटी माणसाच्या बगलेत दस्त्याचं टोक अडकतं आणि पंप करायला डावा हात पुरत नाही. सुतारानं दस्ता कापण्यापेक्षा परवानाधारक कारागिराकडून आखूड बसवून घ्या.

नळी मात्र कोणाकडूनही आखूड करू नका. तिकडच्या व्हिडिओत साडेअठरा इंची नळ्या दिसतात, पुतण्याचीही तेवढीच आहे. आपल्याकडं 20 इंचांपेक्षा आखूड नळीची बंदूक साध्या परवान्यावर बसत नाही, आणि विनापरवाना नळी कापणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. तुमच्या नावावर आधीच डबल बार आणि पिस्तूल असेल तर पंपाचा विचार सोडा.

शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा. "रानडुकरं भुईमूग उकरतात काका, पाच काडतुसांची पंप बरी पडेल." पिकाचं दुःख खरं आहे, पण परवाना मिळाला म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. गव्याचा तर विषयच काढू नका. कोयना आणि चांदोलीच्या हद्दीत हत्यार घेऊन पाऊल टाकायलाही परवानगी लागते, आणि आपल्याकडं बांध कुठं संपतो, जंगल कुठं सुरू होतं हे रात्री कळत नाही. माझं मत विचाराल तर रखवालीला डबल बारच पुरते, ती नीट सांभाळणाराही गावात सापडतो. पंप घ्यावी ती नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्यानं किंवा रोज सराव करायची तयारी असलेल्या गार्डनं.

घेतलीच, तर कोयना खोऱ्यातला पाऊस लक्षात घ्या. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या म्यानात बंदूक जूनपासून ठेवलीत तर दसऱ्याला गंज पूजाल. म्यान प्रवासापुरतं. घरी कोरड्या, कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. खोबरेल लावू नका, थंडीत ते गोठतं आणि बोल्ट चिकटतो. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, तेही पुसून राहील एवढंच.

आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. तिथं ती कित्येक आठवडे कोणी पुसत नाही. म्हणून देण्याआधी नळी आतून तेलाच्या चिंधीनं पुसा, बाहेर पातळ हात द्या, पावतीवर बंदुकीचा नंबर स्वतः वाचून घ्या. परत आणल्यावर आधी चेंबर आणि मॅगझिन तपासा, मग नळी उजेडाकडं धरून आत बघा. कधी कधी तिथं कुंभारमाशीनं घर केलेलं असतं.