उतारावरचे छोटे बॅकयार्ड, आडोसा आणि हरणे : या चुका टाळा

मध्य न्यू जर्सीत, एडिसनपासून हिल्सबरोपर्यंतच्या पट्ट्यात, मराठी कुटुंबांच्या बॅकयार्डमध्ये एक दृश्य वारंवार दिसते. उताराच्या तळाशी, हद्दीला लागून, ‘एमराल्ड ग्रीन’ जातीच्या आर्बरव्हायटीची (सदाहरित, सुरूसारख्या उभट झाडाची) एक सरळ रांग असते. त्यातली दोन-तीन झाडे तपकिरी पडून वाळलेली असतात आणि उरलेली खालून पाच फुटांपर्यंत उघडीबोडकी, वर मात्र झुपकेदार असतात. आडोसा म्हणून लावलेल्या या रांगेतून शेजाऱ्यांचा ग्रिल स्पष्ट दिसतो. अशा ठिकाणी चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते : झाडे आधी आणली गेली, हरणांची आठवण पहिल्या हिवाळ्यात झाली आणि पाण्याचा विचार झाडे मेल्यावर सुरू झाला. हा क्रम उलटा करायला हवा.

पाण्याकडे दुर्लक्ष

या भागातली तांबडी माती पाहून कोकणाची आठवण येते. पण जांभ्यातून पाणी जसे मुरते तसे ते या मातीतून मुरत नाही. खाली तांबडा शेल खडक, वर चिकणमाती आणि तीही घर बांधताना यंत्रांनी दाबून घट्ट केलेली. शिवाय येथे पाऊस चार महिन्यांत उरकत नाही. तो बारा महिने थोडाथोडा पडतो आणि हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरून वितळलेल्या बर्फाचे पाणी तसेच खाली वाहते. उताराचा तळ हा त्यामुळे बॅकयार्डमधला सर्वांत ओला भाग असतो आणि नेमक्या त्याच जागी, मुळाशी पाणी साचलेले न सोसणारी आर्बरव्हायटी लावली जाते.

मुळे कुजल्यामुळे वाळणारे झाड आणि तहानेने वाळणारे झाड वरून सारखेच दिसते. मालक घाबरून आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले झाडही जाते. पाइप हातात घेण्यापूर्वी बुंध्याजवळ सहा इंच खोल खुरपे घालून माती पाहावी. ती चिकट, ओली आणि आंबूस वासाची असेल, तर पाणी देणे त्वरित थांबवावे.

लागवडीपूर्वीची परीक्षा याहून सोपी आहे. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा पाण्याने भरून ते जिरू द्यावे, मग पुन्हा भरून मोजावे. तासाला इंचभर पाणी उतरत असेल, तर बहुतेक झाडे जगतील. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल, तर त्या जागी आर्बरव्हायटीच काय, बॉक्सवूडचे बुटके झुडूपसुद्धा लावू नये. अशा जागी इंकबेरी (सदाहरित झुडूप) किंवा विंटरबेरी तग धरते. विंटरबेरीची पाने हिवाळ्यात गळतात, एवढे लक्षात ठेवावे.

येथे आपली एक घरची सवय आडवी येते. झाड लावले की भोवती खोलगट आळे करायचे, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. चिकणमातीत असे आळे म्हणजे बुंध्याभोवतीचे डबकेच होय. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो तो भाग जमिनीच्या किंचित वर राहील, असे झाड बसवावे आणि लाकडाच्या कपच्यांचे मल्च (माती झाकणारे आच्छादन) बुंध्याला न चिकटवता दोन-तीन इंचांच्या थरात पसरावे.

दोन घरांच्या मधून जाणारा उथळ, गवताळ चर बिल्डरने पाणी वाहून जाण्यासाठीच ठेवलेला असतो. ‘जागा वाया जाते’ म्हणून तो मातीने भरून तिथे वाफा केला, तर पाणी आपल्या बेसमेंटकडे तरी वळते किंवा शेजाऱ्याकडे तरी. दोन्ही महागात पडते. १ सप्टेंबर २०२१ च्या ‘आयडा’ वादळाच्या पावसात याच परिसराने किती पाणी पाहिले, हे जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. घराभोवतीच्या पहिल्या दहा फुटांत जमीन घरापासून दूर सहा इंच तरी उतरती असावी. फ्रेंच ड्रेन (पाणी वाहून नेणारा, खडी भरलेला चर) घातला तर त्याचे दुसरे टोक उताराखाली उघडे निघायला हवे. ते तसे न निघाल्यास तो चर जमिनीखालची टाकी बनतो. खणण्यापूर्वी किमान तीन कामकाजाचे दिवस आधी ८११ वर (जमिनीखालच्या वाहिन्या खुणावून देणाऱ्या सेवेला) फोन करणे न्यू जर्सीत बंधनकारक आहे.

उतार धरून ठेवणारी भिंत शक्यतो एकच उंच न बांधता दोन-तीन बुटक्या पायऱ्यांत बांधावी आणि प्रत्येकीच्या मागे खडी व निचऱ्याची वाट ठेवावी. चार फुटांपेक्षा उंच भिंतीला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो.

आडोसा चुकीच्या जागी

डेक जमिनीपासून तीन फूट उंच आहे, बॅकयार्ड मागच्या हद्दीपर्यंत चार फूट उतरते आणि उभ्या माणसाचे डोळे साधारण पाच फुटांवर असतात, असे धरू. म्हणजे तळाच्या जमिनीपासून आपली नजर बारा फूट उंच आहे. तिथे लावलेले सहा फुटी झाड आपल्या नजरेच्या सहा फूट खाली संपते. एमराल्ड ग्रीन वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण फूट वाढते. तोवर मुले कॉलेजला जातील. तेच सहा फुटी झाड कुंडीत किंवा तेवढीच वेलीची जाळी डेकवरच, कडेला असती, तर त्याच दिवशी आडोसा झाला असता. म्हणून खरेदीपूर्वी एकाने डेकवर बसावे, दुसऱ्याने उंच काठी घेऊन उतारावर फिरावे आणि शेजाऱ्याची खिडकी कुठून झाकली जाते ते पाहावे. संपूर्ण हद्द झाकण्याची गरज क्वचितच असते. बऱ्याचदा दोनच ठिकाणे महत्त्वाची ठरतात.

घाईने उंची हवी म्हणून ‘ग्रीन जायंट’ ही आर्बरव्हायटीची झपाट्याने वाढणारी जात तीन-तीन फुटांवर लावणे ही याचीच पुढची चूक. तिचा घेर बारा फुटांहून अधिक होतो आणि छोट्या बॅकयार्डमध्ये काही वर्षांत गवतालाही जागा उरत नाही. बांबूही आपल्याला घरचा वाटतो, पण पसरणारी जात शेजाऱ्याच्या हिरवळीत फुटली की संबंध बिघडतात.

हरणांशी सामना

पांढऱ्या शेपटीची हरणे येथे वस्तीतच राहतात. आर्बरव्हायटी, ‘यू’ (yew) हे सदाहरित झुडूप आणि रुंद पानांचा होस्टा हे त्यांचे पक्वान्न. आर्बरव्हायटीच्या जुन्या, उघड्या पडलेल्या लाकडावर नवी पालवी फुटत नाही, त्यामुळे एका हिवाळ्यातली हानी कायमची असते. रटगर्स विद्यापीठाने बागेतल्या झाडांची, हरणांकडून होणाऱ्या नुकसानीनुसार, चार गटांत विभागलेली यादी केली आहे. नर्सरीत जाण्यापूर्वी ती वाचावी. उताराच्या वरच्या, कोरड्या भागात अमेरिकन हॉलीची झाडे आणि खाली बेबेरीची झुडपे अशी मिसळ एकाच जातीच्या रांगेपेक्षा सुरक्षित असते, कारण एका रोगाने किंवा एका कळपाने सगळा आडोसा जात नाही.

हरीण आठ फूट उडी मारू शकते आणि बहुतेक गावांत मागच्या कुंपणाला सहा फुटांची मर्यादा असते. तरीही आरपार न दिसणारे सहा फुटी कुंपण बरेच उपयोगी पडते, कारण पलीकडची जमीन दिसत नसेल तर हरीण उडी टाळते. विदर्भात शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. येथली एचओए (वसाहतीतील घरमालकांची संघटना) मात्र ते चालवून घेणार नाही. अंड्याच्या वासाचा फवारा नोव्हेंबरपासून दर महिन्याला मारला तरच उपयोगी ठरतो. शरद ऋतूत नर शिंगे घासून कोवळ्या बुंध्यांची साल काढतात, म्हणून सप्टेंबरपूर्वीच बुंध्याला जाळीचे वेष्टण घालावे.

रांग आधीच खालून उघडी पडली असेल, तर ती उपटण्याची घाई करू नये. वरचा हिरवा भाग अजून कामाचा आहे. तिच्या पुढे चार-पाच फुटांवर, नागमोडी मांडणीत, इंकबेरीची दाट जात लावावी आणि मेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा आर्बरव्हायटी न लावता ती फट आधी एक पावसाळी आठवडा तशीच ठेवून पाणी कुठे थांबते ते पाहावे. सप्टेंबर ते मध्य-ऑक्टोबर हा या लागवडीसाठी चांगला काळ आहे.