डोळ्यात ड्रॉप आणि मलम नीट कसं घालायचं

डोळे आले की घरात पहिली शोधाशोध होते ती मागच्या वेळच्या उरलेल्या ड्रॉपची. ती बाटली फेकून द्या बघू. उघडल्यावर बहुतेक ड्रॉप महिनाभरच चालतात, वरची एक्स्पायरी सीलबंद बाटलीसाठी असते. शिवाय त्यात डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असलं आणि डोळ्यात हर्पीसचं (नागिणीच्या जातीच्या व्हायरसचं) किंवा बुरशीचं इन्फेक्शन निघालं तर बुबुळाची वाट लागते, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरला दाखवूनच घ्या. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात साथ आली होती ना, ती व्हायरसची होती, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. बॅक्टेरियाचं असेल तर सहसा पिवळी-हिरवी घट्ट घाण येते नि सकाळी पापण्या चिकटून बसतात, पण नुसतं बघून आपल्याला खात्रीने सांगता येत नाही.

आता मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन असं काही अँटिबायोटिक लिहून दिलंय समजा. आधी साबणाने हात. मग उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं पुसा, नाकाकडून कानाकडे, आणि दरवेळी नवा कापूस, कारण चिपडं तशीच ठेवून औषध घातलं तर ते त्या घाणीवरच बसतं. मान मागे, नजर वर, खालची पापणी बोटाने ओढली की खिसा तयार होतो, त्यात एक थेंब. एकच! डोळ्यात तेवढंही मावत नाही, दुसरा गालावरूनच जातो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, नाहीतर जंतू बाटलीत. मग डोळा हळूच मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवा, घशात कडू लागतं ते याने बरंच कमी होतं.

लहान पोर डोळा उघडतच नसेल तर झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका, डोळा उघडला की आपोआप आत जातो. (आमच्याकडे कार्टून लावून हेच करतात.)

मलम म्हणजे त्याच खिशात साधारण 1 सेंटीमीटरची रेघ, शेंगदाण्याएवढा गोळा नको. त्याने थोडा वेळ सगळं धुरकट दिसतं, म्हणून शक्यतो झोपताना लावा, लावून गाडी चालवू नका. दोन्ही दिलं असेल तर आधी ड्रॉप, 5-10 मिनिटांनी मलम, उलट केलंत तर मलमाचा थर ड्रॉप आत जाऊ देत नाही.

दोन दिवसांत बरं वाटलं तरी सांगितले तितके दिवस घाला. कॉन्टॅक्ट लेन्स बंद, टॉवेल नि उशीचा अभ्रा वेगळा, आणि गुलाबपाणी, मध, आईचं दूध यातलं काहीही डोळ्यात नको.

डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय किंवा 2-3 दिवसांत काहीच फरक नाही, तर परत डॉक्टरकडे. लेन्स वापरणाऱ्यांनी आणि नवजात बाळ असेल तर डोळे आले त्याच दिवशी.