अर्ज परत आला तो अंदाजपत्रकामुळे

निधीसाठी केलेल्या अर्जावर शेरा एवढाच होता: 'उपक्रम आणि खर्च जुळत नाहीत.' चूक क्रमात होती. आधी रक्कम ठरवली आणि मग कार्यक्रम तिच्यात कोंबला. दुरुस्ती उलट्या टोकाने केली. प्रत्येक उपक्रमाला एक ओळ: सत्रं किती, माणसं किती, तास किती. खर्च त्यातूनच काढला, नग गुणिले दर. १२ सत्रं, २५ जण, म्हणजे नाश्त्याच्या प्लेटा ३००, पण वह्या २५च. लाभार्थीही २५च, आधी तिथे ३०० लिहिलं होतं, ती तर सगळ्या सत्रांची मिळून हजेरी झाली! 'किरकोळ' ही मोघम ओळ उडवून त्यातला खर्च नावानिशी लिहिला. स्वयंसेवकांचे तास खर्चातला आमचा स्वतःचा वाटा म्हणून दाखवले. वेळापत्रक मंजुरीपासून 'महिना १, महिना २' असं मांडलं, कारण मंजुरी लांबली की पक्क्या तारखा कोलमडतात.