आणीबाणीची बॅग भरताय? या चुका टाळा

पुरात घर सोडावं लागलं तर उचलून निघायची आमची पहिली बॅग फार मन लावून भरली होती. ठेवली मात्र माळ्यावर. दिवसभर घरी असतात त्या फक्त सासूबाई, आणि स्टुलावर चढून ते धूड खाली काढणं त्यांना जमणार नव्हतं. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेही पहाटे. अंधारात चाचपडत हाताला लागेल, अशा जागी बॅग हवी. आता आमची दाराशी, चपलांच्या रॅकवर खुंटीला असते.

वजन वाढतं ते पाण्यामुळे. माणशी दिवसाला ३ लिटर धरलं, तर चौघांचं तीन दिवसांचं पाणी ३६ किलो! बॅगेत प्रत्येकाची एक बाटली पुरे. बाकीचं झाकणाच्या कॅनमध्ये घरातच भरून ठेवा. चौथ्या मजल्यावर राहता म्हणून ते टाळू नका. पार्किंगमध्ये पाणी भरलं की पंप बंद, लिफ्ट बंद. बाहेर पूर आणि घरात नळ कोरडा.

चाकांची बॅग तर नकोच, गुडघाभर पाण्यात ती ओढणार कशी? सॅक घ्या, पाठीवर टाकून जिना उतरून बघा. मध्येच धाप लागली तर सामान कमी करा. आम्ही आधी मॅगी काढली, कारण ती शिजवणार कशावर? गूळ-शेंगदाणे आणि खाकरे ठेवले.

बॅटरी लागत नसेल तर सेल काढून बघा. आत राहून ते पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरा थर चढतो. सेल वेगळ्या पिशवीत ठेवा. पॉवर बँकही पडून उतरते. महिन्याच्या एक तारखेला चार्जिंगला लावा. मोबाइल बंद पडला तर नवऱ्याचा नंबर तरी पाठ आहे का? मला नव्हता. चार नंबर कागदावर लिहून, आधारच्या झेरॉक्ससोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. सोबत दहा-वीसच्या नोटा, कारण नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.

औषधांची पट्टी कापून ठेवू नका, कापताना नेमकी नाव आणि तारीख जाते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, ते पेल्यात कालवू नका. लहान पाकिटाचं माप वेगळं, ते पाकिटावरच वाचा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहू द्या, पण सॅकच्या चेनला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी बांधा: ‘फ्रिजमधलं इन्सुलिन घे’.

आणि गणपती गेले म्हणून बॅग रिकामी करू नका. आंबिल ओढ्याने पुण्यात हाहाकार केला ती रात्र २५ सप्टेंबर २०१९ ची, विसर्जनाला तेव्हा जवळजवळ दोन आठवडे होऊन गेले होते. आम्ही सॅक उघडतो ती थेट दिवाळीच्या साफसफाईत. खाकरे तेव्हा चहाबरोबर संपवतो.