डेटाबेस क्लाउडवर नेताय? आधी या चुका टाळा

सोलापूरचा मे महिना. पारा चाळिशीच्या वर, अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस, आणि हिशेबनिसाच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला सर्व्हर. तो दुपारी दोनदा बंद पडला की मालक म्हणतात, "सगळं क्लाउडवर टाकून द्या." म्हणजे ऑफिसातला सर्व्हर सोडून इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर. हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. आणि दर वेळी आधी सर्व्हरचं झाकण उघडायला सांगतो.

कारण पहिली चूक तिथेच होते: मूळ बिघाड न शोधता सगळं हलवायचं. पंखा धुळीने अडला असेल किंवा यूपीएसची बॅटरी गेली असेल, तर ते काम एका दिवसाचं आहे. नोंदी अचानक सेव्ह होत नसतील तर डेटाबेसचा, म्हणजे सगळ्या नोंदींच्या साठ्याचा, आकार बघा. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेस सॉफ्टवेअरच्या २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की सर्व्हर बिघडल्यासारखाच वाटतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळी: बिलिंगचं सॉफ्टवेअर ऑफिसातच ठेवायचं आणि फक्त डेटाबेस मुंबईतल्या क्लाउडवर न्यायचा. जुनी सॉफ्टवेअर फार बोलकी असतात. एक बिल उघडताना डेटाबेसला ३०० वेळा प्रश्न विचारतात. ऑफिसच्या वायरवर प्रश्न-उत्तराच्या एका फेरीला १ मिलिसेकंद धरला तर ०.३ सेकंदात काम होतं. इंटरनेटवरून २५ मिलिसेकंद लागले तर त्याच बिलाला साडेसात सेकंद. इथे इंटरनेटचा प्लॅन वाढवून फरक पडत नाही, कारण अडचण वेगाची नसून फेऱ्यांची आहे. सॉफ्टवेअरसुद्धा त्याच क्लाउडमध्ये ठेवा आणि ऑफिसातून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तिथल्या संगणकाचा पडदा इथे उघडून, वापरा. त्याआधी डेटाची एक प्रत तिथे टाकून महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट काढून बघा, घड्याळ लावून.

काहीजण चालू डेटाच्या फायलीच गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि "आमचं क्लाउडवरच आहे" म्हणतात. कृपा करून हे करू नका. अर्धवट लिहिलेली फाइल वर जाते, दोन संगणकांवर दोन प्रती होतात आणि डेटा खराब होतो. ड्राइव्हवर जायला हवी ती रात्री घेतलेली बॅकअप फाइल. ती महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून, म्हणजे तिच्यातून डेटा परत उभा करून, बघा.

न्यायचं ठरलंच, तर डेटाबेस बनवताना ठिकाण तपासा. निवड न बदलल्यास तो अमेरिकेत तयार होऊ शकतो. अ‍ॅमेझॉनचं केंद्र मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर संगणकावरच्या हिशेबांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं २०२२ च्या नियमदुरुस्तीपासून बंधनकारक आहे. १४३३ किंवा ३३०६ हे पोर्ट, म्हणजे डेटाबेसमध्ये शिरायचे दरवाजे, साऱ्या जगाला उघडे ठेवू नका, व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा खासगी सुरक्षित मार्ग, लावा. इंटरनेटच्या दोन लाइन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. क्लाउडच्या बिलात मशीनच्या भाड्याशिवाय बॅकअपची जागा आणि क्लाउडमधून बाहेर जाणारा डेटाही धरा.

जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. नव्या व्यवस्थेवर एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न बिनचूक निघेपर्यंत तो धूळ पुसून, झाकून, डेटासकट जागेवरच राहू द्या.