जोडीने सिनेमे दाखवताय? या चुका टाळा

'सामना' आणि 'सिंहासन' लावले की फिल्म क्लबात चर्चा आपोआप रंगेल, असं पुष्कळांना वाटतं. दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्ही तेंडुलकरांनी लिहिलेले, दोन्ही राजकारणावर. घोळ तिथेच होतो. विषय 'राजकारण' एवढाच दिला की पहिला बोलणारा म्हणतो, "आजही हेच चाललंय", दुसरा चालू सरकारवर घसरतो आणि पुढचा पाऊण तास जो तो आपापल्या पक्षाची वकिली करतो. संयोजक "विषयावर या, विषयावर या" म्हणत राहतो. पण लोक विषयावरच बोलत असतात, सुटलेला असतो तो सिनेमा.

म्हणून विषय नको, प्रश्न ठरवा. तोही असा, की एकच सिनेमा पाहिलेल्याला उत्तर देता येऊ नये. 'सामना'त (1975) निळू फुले साखरसम्राट हिंदुराव, तर श्रीराम लागू "मारुती कांबळेचं काय झालं?" विचारत राहणारे मास्तर. 'सिंहासन'मध्ये (1979) बाजू पालटते. लागू मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून असलेले विश्वासराव दाभाडे, फुले सगळं पाहणारा पत्रकार दिगू. मास्तरांच्या एका प्रश्नाने हिंदुरावाच्या पायाखालची वाळू सरकते. दिगूला सगळं ठाऊक असूनही कुणाचं काही बिघडत नाही. असं का? यावर बोलायचं तर प्रसंग आठवावेच लागतात. गाडी घसरलीच, तर दिगूचं शेवटचं वेडसर हसणं पुन्हा दाखवा, दोन मिनिटं पुरतात. फक्त त्या दृश्याची वेळ आधीच कागदावर टिपून ठेवा. सिनेमा पुढे-मागे करत शोधत बसलात की लोक चहाला उठतात.

दोन्ही सिनेमे एकाच संध्याकाळी उरकायची घाई नव्या मंडळांना फार. दुसरा संपेपर्यंत अर्ध्यांचं लक्ष शेवटच्या बसकडे असतं. मध्ये आठवडा जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला नवे चेहरे येणारच, त्यांना पहिल्या सिनेमाचा अर्ध्या पानाचा गोषवारा हातात द्या, तोंडी कथा सांगत बसू नका.

"कोणता जास्त आवडला?" हे कधीही विचारू नये. हात मोजून झाले की चर्चा संपली.

जुन्या प्रतींचा आवाज दगा देतो. आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच स्पीकरवर दहा मिनिटं ऐका, पंखे चालू ठेवून.

'सिंहासन' अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला, त्यामुळे "पुस्तकाची सर नाही" म्हणणारे एक गृहस्थ असतातच. त्यांना शेवटी बोलवा. आणि यूट्यूबवर दहा मिनिटांत कथा 'समजून' आलेल्यांना खुर्ची जरूर द्या, माइक नको.