जुने स्पीकर स्वतः उघडायचे की जाणकाराकडे द्यायचे? मी कसं ठरवतो ते सांगतो

जुन्या स्पीकरची जोडी हाताला लागली की लगेच अॅम्पला जोडून आवाज वाढवून बघावासा वाटतो, पण तेवढं करू नका. आधी पुढची जाळी काढा आणि वूफरच्या, म्हणजे जाड आवाज काढणाऱ्या मोठ्या गोल भागाच्या, कडेला हलकेच बोट लावा. कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, आणि बाहेरची धातूची फ्रेम यांच्यामध्ये जी गोल फुगीर पट्टी असते तिला सराउंड म्हणतात. ७० आणि ८० च्या दशकातल्या बऱ्याच स्पीकरमध्ये ही पट्टी पॉलीयुरेथेन फोमची असायची, आणि हा फोम स्पीकर नुसता पडून असला तरी हवेनं आणि दमटपणानं सडतो, बहुतेकदा १५-२० वर्षांतच. बोटाला काळपट चिकट भुगा लागला की समजायचं फोम संपला. असा स्पीकर जोरात वाजवला तर कोनला कडेनं धरायला काहीच नसतं, तो तिरका हलतो, आत कॉइल (कोनला मागून जोडलेलं तारेचं वेटोळं) घासत राहते आणि जे काम नुसत्या नव्या फोमवर भागलं असतं ते एका संध्याकाळीत कॉइल बदलण्यापर्यंत जातं.

आता स्वतः करायचं की बाहेर द्यायचं हा प्रश्न. बरेच जण म्हणतात तुला सोल्डरिंग येतं ना मग कर, पण माझ्या मते हात किती सरावलेला आहे हा नंतरचा मुद्दा. मी आधी एवढंच बघतो की बिघाड मॅग्नेटच्या फटीच्या बाहेर आहे की आत. मॅग्नेटच्या मधोमध एक गोल फट असते, त्यात व्हॉइस कॉइल पुढेमागे हलते आणि कॉइलच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिलिमीटरपेक्षाही कमी असते. या फटीच्या बाहेरचं जे काही आहे, म्हणजे वायर, क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करून आपापल्या भागाकडे पाठवणारं सर्किट), सराउंड, लाकडी बॉक्स, ते धीर असेल तर घरी होतं. फटीच्या आतलं काम ज्याच्याकडे त्याची साधनं आहेत त्यालाच द्यावं.

बिघाड कुठे आहे ते कळायला तीन गोष्टी करा. पहिली, दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवून कोन अगदी सावकाश आत दाबा आणि कान जवळ न्या. काहीच आवाज नसेल तर उत्तम, पण वाळू चोळल्यासारखी खरखर आली तर कॉइल घासतीय. (फोम पूर्ण गळलेला असेल तर कोन मुळातच लटकलेला असतो, तेव्हा या खरखरीवरून घाईनं निष्कर्ष काढू नका.) दुसरी, बॉक्समधून वूफर सोडवून त्याच्या टर्मिनलवर मल्टीमीटर ओहमवर ठेवून लावा. ८ ओहमचा ड्रायव्हर (वूफरसारखा आवाज काढणारा सुटा भाग) साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ च्या वर थोडं. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळालीय किंवा टर्मिनलपासून कोनपर्यंत येणारी ती विणलेली बारीक वायर तुटलीय, आणि ती वायर तुटली असेल तर नशीब चांगलं, कारण ती बदलता येते. तिसरी आणि मला सगळ्यात आवडणारी, दोन्ही बॉक्समधले ड्रायव्हर आपापसात बदलून बघा. बिघाड ड्रायव्हरबरोबर दुसऱ्या बॉक्समध्ये गेला तर ड्रायव्हरच खराब, बॉक्समध्येच राहिला तर क्रॉसओव्हर किंवा वायरिंग. कितीतरी लोक चांगला ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा ड्रायव्हर) फेकून देतात आणि खरा दोष मागच्या लेव्हलच्या नॉबमध्ये असतो. तो नॉब गंजतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीस-चाळीस वेळा इकडून तिकडे फिरवला की बऱ्याचदा गेलेला आवाज परत येतो.

क्रॉसओव्हर घरी करायला हरकत नाही. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वयोमानानं बिघडतात, फिल्मचे मात्र सहसा टिकतात, त्यांना उगाच हात लावू नका. नवीन घेताना नॉन-पोलर (प्लस-मायनस बाजू नसलेले) घ्या आणि मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा. महागडे फिल्म कपॅसिटर टाकले की आवाज सुधारतोच असं नाही, त्यांचा अंतर्गत रेझिस्टन्स कमी असतो, त्यामुळे कधीकधी ट्वीटर आधीपेक्षा टोचायला लागतो. वायर सोडवण्याआधी फोटो काढा, चार काढा. आणि बॉक्समध्ये ग्लास वूल भरलेलं असेल तर हातमोजे, मास्क घालूनच हात घाला.

फोम बदलणं हे बरोबर सीमेवरचं काम आहे. पट्टी फटीच्या बाहेर आहे, पण ती जरा वाकडी चिकटली की कॉइल फटीत घासते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा जुना फोम आणि वाळलेला गोंद काढण्यातच अख्खी दुपार गेली, आणि तेच बरोबर होतं, कारण जुन्या गोंदाचा एक खडा राहिला तरी नवी पट्टी तिथे उचलली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसायचं, ओतायचं नाही. प्लास्टिकच्या कोनला अॅसिटोन किंवा थिनर लावू नका, कोन विरघळू शकतो. मग पट्टी आधी कोनला चिकटवून पूर्ण वाळू द्यायची, त्यानंतरच फ्रेमला. फ्रेमला चिकटवताना मी वूफरला अॅम्पवरून ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू देतो. कोन डोळ्यांना दिसेल इतका हलतो, आणि जिथे घासतो तिथे टोनच्या खाली एक बारीक फरफर ऐकू येते. बोटानं पट्टी केसभर सरकवायची, परत ऐकायचं, परत सरकवायची. एका जागी ती फरफर एकदम थांबते आणि नुसता गुळगुळीत हुंकार उरतो, तिथेच हात थांबवायचा, दाबून धरायचं आणि चोवीस तास त्याच्याकडे फिरकायचं नाही. ज्यांना कानावर भरवसा नाही ते मधली टोपी कापून कॉइलभोवती पातळ प्लास्टिक फिल्मच्या पट्ट्या खोचतात, तीही पद्धत चांगलीच आहे, फक्त टोपी नंतर परत चिकटवावी लागते.

पट्टी मागवताना वूफरच्या इंचांवर जाऊ नका, कोनचा व्यास, फ्रेमचा आतला व्यास आणि फुगवट्याची रुंदी मोजा. दोन्ही वूफरच्या पट्ट्या एकदमच बदला, नाहीतर डावी-उजवी बाजू वेगळी वाजते. आणि मुळात काय होतं ते बघा: कापडी किंवा रबरी सराउंड असेल तर तिथे फोम चिकटवून मोकळं होऊ नका, बासचं वागणंच बदलतं. उदाहरणार्थ १९७० चा जेबीएल एल-१००, त्याच्या वूफरच्या कडेला फोम नाहीच, भुगा होते ती पुढची फोमची जाळी.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वूफरवरून नेताना मॅग्नेट तो हातातून खेचून घेतो आणि टोक थेट कोनमधून आरपार जातं. स्क्रू काढताना दुसऱ्या हाताचा तळवा कोनवर आडवा धरून ठेवा.

आता न करण्याची कामं. कॉइल जळालेली, कॉइल अडकलेली, स्पीकर पडून मॅग्नेट सरकलेला, कोनच फाटून गेलेला, हे सगळं बाहेर द्या. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) मॅग्नेटचे जुने ड्रायव्हर तर उघडायचा विचारही करू नका, मॅग्नेट सुटा केला की त्याची ताकद कमी होते आणि मग तो पुन्हा चार्ज करावा लागतो, ते यंत्र घरी नसतं. यामाहाच्या १९७४ च्या एनएस-१०००एम मध्ये मिडरेंज (मधले सूर काढणारा ड्रायव्हर) आणि ट्वीटरचे डोम, म्हणजे घुमटासारखे पडदे, बेरिलियम धातूचे आहेत, ते फुटले तर त्याची धूळ फुप्फुसांना विषारी आहे, खरवडणं, घासणं काहीही नको. १९५७ पासून आलेल्या क्वाड कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये (कॉइलऐवजी विद्युतभारानं पातळ पडदा हलवणारे) हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज काही काळ राहतो. इथे हौस बाजूला ठेवा, जिवाशी खेळ आहे.

जाणकार निवडताना त्याला विचारा की कॉइल आणि स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी मागची नागमोडी चकती) मूळ मापाचे मिळणार की जवळपासचे. रीकोन म्हणजे कोन, कॉइल, स्पायडर सगळं नवं, आणि पार्ट वेगळे पडले तर स्पीकर वाजेल पण तो तुमचा स्पीकर राहणार नाही. काम झाल्यावर स्वीप टोननं (जाडपासून बारीकपर्यंत सरकत जाणारा सूर) तपासतो का ते विचारा, हो म्हणाला तर समोर ऐकून घ्या. जो न उघडता, न मोजता लगेच "सगळंच बदलावं लागेल" म्हणतो त्याच्याकडून उठून यायचं. शक्य असेल तर पूर्ण बॉक्स न पाठवता फक्त ड्रायव्हर पाठवा, कोनवर काही दाबणार नाही असा कडक खोका घ्या, आणि पाठवण्याआधी ओहमचा आकडा मागे पेन्सिलनं लिहून ठेवा. ड्रायव्हर परत आला की जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, जोडीतले दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. जुन्या जेबीएलच्या बऱ्याच ड्रायव्हरमध्ये लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जातो, तो दोष नाही, तशीच रचना आहे, त्यामुळे एक बाहेर आणि एक आत जात असेल तरच परत न्या.